नामिबियाचे देणे: जर्मनी जे देऊ करते आहे, त्याला भरपाई म्हणता येईल का?

उत्तररात्र

आफ्रिकेतील देशांना जुन्या वसाहतवादी सत्तांनी भरपाई द्यावी की नाही, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा जोराने पुढे आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अक्रा येथे या मागणीसाठी परिषद भरली आणि आफ्रिकी संघाने २०२५ हे वर्षच या विषयाला वाहिले. मात्र संपूर्ण खंडाबद्दल एका दमात बोलू लागले की चर्चा लगेच ठोकळेबाज होते. एक बाजू अत्याचारांची यादी वाचते आणि दुसरी बाजू रेल्वे आणि शाळा मोजते. म्हणून या धाग्यात मी एकच प्रकरण मांडतो आहे. आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा या समाजांचा संहार झाला. गुन्हा कोणी केला, कोणाच्या आज्ञेने केला आणि लुटलेली मालमत्ता पुढे कोणाच्या हाती गेली, हे येथे कागदोपत्री उपलब्ध आहे. इतक्या स्पष्ट प्रकरणातही भरपाई का अडते हे समजले, तर इतर ठिकाणचे अडथळेही समजतील असे मला वाटते.

हेरेरो हे गुराखी लोक. त्यांची श्रीमंती, नातीगोती आणि पूर्वजांची आठवण हे सारे गुरांभोवती गुंफलेले होते. जर्मनीने १८८४ पासून या प्रदेशावर हक्क सांगितला तो बऱ्याच अंशी 'संरक्षण करारां'च्या आधारे, म्हणजे तेथील प्रमुखांशी लेखी करार करून. हा तपशील कृपया लक्षात ठेवावा, कारण कायद्याच्या चर्चेत तो पुन्हा येणार आहे. १८९७ मध्ये बुळकांडीच्या साथीत हेरेरोंची बहुतेक गुरे मेली, उधारीच्या वसुलीसाठी व्यापारी उरलेली गुरे हाकून नेऊ लागले आणि जमिनी वसाहतकऱ्यांकडे जाऊ लागल्या. अखेर १२ जानेवारी १९०४ रोजी ओकाहांजा येथे सॅम्युएल महारेरो यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्यात शंभराहून अधिक जर्मन मारले गेले. मात्र स्त्रिया, मुले आणि मिशनरी यांना हात लावू नये, असा महारेरो यांचा आदेश होता.

त्यानंतर बर्लिनने जनरल लोथार फॉन त्रोथा याला पाठवले. ११ ऑगस्ट १९०४ रोजी वॉटरबर्गच्या पायथ्याशी लढाई झाली आणि हरलेल्या हेरेरोंना, त्यांच्या बायकामुलांसह, ओमाहेकेच्या वाळवंटाकडे हाकलण्यात आले. पाणवठ्यांवर पहारे बसवले गेले. २ ऑक्टोबर रोजी त्रोथाने लेखी आदेश काढला की, जर्मन हद्दीत सापडलेला प्रत्येक हेरेरो, बंदूक असलेला असो वा नसलेला, गुरे असलेला असो वा नसलेला, गोळीने मारला जाईल. बर्लिनने डिसेंबरमध्ये तो आदेश मागे घ्यायला लावला, पण त्याच्या जागी आल्या त्या छावण्या. स्वाकोपमुंड, विंडहुक, ओकाहांजा आणि ल्युडेरिट्झच्या बंदरातील शार्क बेट येथे कैद्यांना वेठबिगारीला जुंपले गेले, आणि खुद्द जर्मन लष्कराच्या नोंदींप्रमाणे जवळपास निम्मे कैदी तेथे मेले. ऑक्टोबर १९०४ मध्ये वृद्ध हेंड्रिक विटबोई यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या नामांच्या वाट्यालाही हेच आले. उठावापूर्वी हेरेरोंची संख्या ८० हजारांपर्यंत असावी, असा एक अंदाज आहे. १९११ च्या गणनेत सुमारे १५ हजार उरले होते. अंदाजे २० हजार नामांपैकी निम्मे गेले.

भरपाईचा प्रश्न मृत्यूंच्या संख्येवर संपत नाही, म्हणून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. डिसेंबर १९०५ मध्ये बादशाही फर्मानाने हेरेरोंची जमीन आणि गुरे जप्त झाली, नामांच्या जमिनीही पुढे जप्त झाल्या, आणि १९०७ च्या नियमांनी त्यांना परवानगीशिवाय जमीन किंवा गुरे बाळगण्यास बंदी केली; सात वर्षांवरील प्रत्येकाने गळ्यात पितळी बिल्ला घालायचा, असे ठरले. जप्त जमिनीवर जर्मन शेतवाड्या उभ्या राहिल्या. १९१५ मध्ये जर्मन सत्ता गेली आणि दक्षिण आफ्रिकेची आली, २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला, पण त्या कुंपणांच्या जागा फारशा बदलल्या नाहीत. नामिबियाच्या सरकारी आकडेवारीनुसार २०१८ मध्ये खाजगी मालकीच्या शेतजमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन गोऱ्यांकडे होती, आणि गोरे लोक तेथे अगदी अल्पसंख्य आहेत.

आता जर्मनीने काय केले ते पाहू. २००४ मध्ये, शताब्दीच्या वेळी, जर्मनीच्या विकास सहकार्य मंत्री हायडेमारी व्हिचोरेक-झॉयल यांनी लढाईच्या जागी जाऊन क्षमा मागितली. २०१५ पासून दोन्ही सरकारांच्या वाटाघाटी झाल्या. २८ मे २०२१ रोजी परराष्ट्रमंत्री हायको मास यांनी जाहीर केले की, आजच्या दृष्टिकोनातून हा वंशसंहार होता असे जर्मनी मानते आणि ३० वर्षांत ११० कोटी युरो देईल; त्यातले १०५ कोटी विकासकामांसाठी आणि ५ कोटी स्मरण, संशोधन व समेट यांसाठी. त्याच निवेदनात, भरपाईचा कोणताही कायदेशीर हक्क यातून निर्माण होत नाही, हेही स्पष्ट केले गेले. 'भरपाई' हा शब्द जाणीवपूर्वक टाळला गेला.

माझे म्हणणे या शब्दाभोवतीच आहे. मराठीत आपण 'देणे' आणि 'दान' यांत काटेकोर फरक करतो. दान करणारा किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कशासाठी द्यायचे हे स्वतः ठरवतो, आणि घेणाऱ्याने ते मान लववून घ्यावे अशी अपेक्षा असते. देणे असते तेव्हा रक्कम आणि मुदत ठरवताना घेणेकऱ्याला समोर बसवावे लागते, आणि त्याने 'मिळाले' असे म्हटल्याशिवाय ते फिटत नाही. जर्मनीने १९९० पासून नामिबियाला दिलेली विकासमदत आधीच १०० कोटी युरोंच्या पुढे गेली आहे. तितकीच रक्कम, त्याच प्रकारच्या कामांसाठी, त्याच दोन सरकारांच्या हातून आणखी ३० वर्षे दिली जाणार असेल, तर ते दानच राहते. जर्मनी देणे लागते असे माझे ठाम मत आहे, आणि जे देऊ केले आहे ते देणे फेडणे नव्हे, असेही माझे तितकेच ठाम मत आहे.

आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी मते.

वाटसरू

लेख अत्यंत माहितीपूर्ण आहे आणि जे घडले ते भयंकर होते याबद्दल दुमत असू शकत नाही. तरीही मला मूळ भूमिका पटत नाही. आज जर्मनीत कर भरणारा माणूस १९०४ मध्ये जन्मलेलाही नव्हता. त्यांच्यातील कित्येकांचे आईवडील तुर्कस्तानातून किंवा पोलंडमधून आलेले आहेत. त्यांच्या पगारातून हे पैसे कोणत्या न्यायाने घ्यायचे? आणि एकदा हे मान्य केले की थांबायचे कोठे? आपल्याच इतिहासाकडे प्रामाणिकपणे पाहिले, तर १७४१ नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये जी लूट आणि कत्तल केली, तिची आठवण तेथील अंगाईगीतांत अजून आहे. महाराष्ट्राने बंगालला भरपाई द्यावी, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? जे आपण स्वतःला लागू करणार नाही, ते दुसऱ्याकडून मागू नये, असे मला वाटते.

उत्तररात्र

वाटसरू, बारगिरांचे, म्हणजे भोसल्यांच्या त्या घोडेस्वारांचे, उदाहरण आपण दिलेत हे चांगले झाले, कारण ते टाळून हा विषय बोलता येणार नाही. बंगालमधील ती लूट हा अपराध होता आणि आपण ती अभिमानाने सांगू नये, इतके मी निःसंकोच मान्य करतो. पण भरपाईसाठी अपराधाबरोबर देणेकरीही लागतो. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. त्याचे करार, कर्जे आणि खजिना पुढे चालवणारी संस्था आज अस्तित्वात नाही. जर्मन राज्याचे तसे नाही. ते राज्य स्वतःला १८७१ च्या राज्याशी कायद्याने सलग मानते आणि जुनी देणी फेडते. पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईसाठी काढलेल्या रोख्यांवरील शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता केला. तो हप्ता भरणाऱ्या करदात्यांपैकीही १९१४ मध्ये कोणी युद्ध पुकारले नव्हते. तो हप्ता नागरिकांच्या अपराधाची शिक्षा म्हणून गेला नाही; राज्याचे नाव, मालमत्ता आणि पत पुढच्या पिढीकडे येते तेव्हा देणीही येतात, म्हणून तो गेला. रोखेधारकाचे देणे इतक्या वर्षांनी फेडता येते आणि ज्याची गुरे व जमीन नेली त्याचे देणे मात्र जुने झाले म्हणून सोडून द्यायचे, हा भेद मला न्याय्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. २००७ मध्ये फॉन त्रोथा घराण्यातील काही वंशज नामिबियात गेले आणि हेरेरो प्रमुखांसमोर त्यांनी आपल्याला वाटणारी शरम बोलून दाखवली. त्यांच्यावर कायद्याने कोणतेही बंधन नव्हते. वैयक्तिक दोष नसतानाही वारशाची जबाबदारी जाणवू शकते, याचे ते मला खरे उदाहरण वाटते.

तळटीप

मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या अंगाने थोडे सविस्तर लिहितो. जर्मनीची भूमिका अशी आहे की, वंशसंहाराविरोधी करार १९४८ चा आहे, तो पूर्वलक्षी नाही, आणि कोणत्याही कृतीचे मूल्यमापन ती घडली त्या काळच्या कायद्याने करावे लागते. 'आजच्या दृष्टिकोनातून' हे दोन शब्द निवेदनात आले ते यासाठीच. ते वाचणाऱ्याला किरकोळ वाटतील, पण नैतिक कबुली देऊन कायदेशीर दायित्व नाकारण्याचे सारे काम हे दोन शब्द करतात.

या भूमिकेला उत्तर नाही असे मात्र नाही. १८९९ च्या हेग परिषदेत ठरलेल्या युद्धनियमांच्या प्रस्तावनेत, लिखित नियम अपुरे पडतील तेथेही लोकांना मानवतेच्या तत्त्वांचे संरक्षण राहील, असे कलम होते आणि जर्मनी त्याला बांधील होते. यावर जर्मनीच्या बाजूचे म्हणणे असे की, तो नियम 'सुसंस्कृत राष्ट्रां'मधील होता आणि हेरेरो त्यात बसत नव्हते. म्हणजे त्या काळचा कायदा लावा असे म्हणताना त्या काळचा वंशभेदही कायदा म्हणून लावावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी, म्हणजे मानवी हक्कांवर अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांनी, २०२३ मध्ये दोन्ही सरकारांना पत्र लिहून जे आक्षेप घेतले, त्यांत हा मुद्दा होता. उत्तररात्र यांनी उल्लेखलेले संरक्षण करार येथे कामी येतात. ज्यांच्याशी तुम्ही लेखी करार करता आणि त्या कराराच्या आधारे दुसऱ्या युरोपीय सत्तांना दूर ठेवता, ते नंतर अचानक कायद्याच्या बाहेरचे लोक कसे ठरतात?

तरीही न्यायालयाकडून फार आशा धरू नये, असे मी म्हणेन. हेरेरो आणि नामा प्रतिनिधींनी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात जर्मनीविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये, सार्वभौम राज्यावर सहसा दुसऱ्या देशाच्या न्यायालयात दावा चालवता येत नाही या मुद्द्यावर, तो फेटाळला गेला, अपिलातही तेच झाले आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला.

न्यायालयाच्या दबावाने काही मिळाले असे आफ्रिकेतील ठळक उदाहरण केनियाचे आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात छावण्यांत छळ सोसलेल्या वृद्धांनी लंडनमध्ये दावा केला. तो चालू असताना, स्वातंत्र्याच्या वेळी केनियातून गुपचूप हलवलेल्या फायली हॅन्सलोप पार्क येथील सरकारी भांडारात असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. त्या कागदांनी सरकारचा बचाव कमकुवत केला आणि ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत खेद व्यक्त करून ५,२२८ जणांसाठी, खर्चासह, १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. दायित्व तेथेही नाकारलेच होते. पुढे सुमारे ४० हजार जणांनी केलेला दुसरा दावा २०१८ मध्ये फेटाळला गेला. इतक्या वर्षांनंतर न्याय्य सुनावणी शक्य नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. म्हणजे जे जिवंत होते, ज्यांच्याकडे आधी वकील पोहोचला आणि ज्यांच्या बाजूने कागद सापडले, त्यांनाच काही मिळाले.

मावळतीकर

केनियाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी गोव्याचा. आमच्या वाड्यावरील तीन घरांतली माणसे एके काळी नैरोबी आणि मोंबासा येथे नोकरीला होती, त्यामुळे 'आफ्रिकार' हा शब्द लहानपणापासून कानांवर आहे. तेथून आलेल्या ट्रंका, लाकडी हत्ती आणि चहाचे डबे आम्ही पाहिले. त्या काळात तेथील स्थानिक लोकांचे काय चालले होते, हे मात्र घरी कोणीच सांगितले नाही. आमची माणसे बहुतेक सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकून होती. गोरे वर, आफ्रिकी खाली आणि मध्ये आम्ही, अशी ती उतरंड होती. भरपाईच्या चर्चेत भारतीय माणूस आपोआप पीडितांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, तेव्हा ही मधली पायरी विसरली जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्याच समाजातून पिओ गामा पिंटो निघाले, हेही सांगायला हवे. १९२७ मध्ये नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले, गोवामुक्तीच्या कामात पडलेले आणि परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले पिंटो १९५४ पासून पाच वर्षे स्थानबद्ध होते. स्वातंत्र्यानंतर जमिनीचा प्रश्न सोडवावा, असा त्यांचा आग्रह होता आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराच्या दारातच त्यांचा गोळ्या घालून खून झाला. केनियातही जमीन हाच गाभा होता. छळाबद्दल ब्रिटनने काही पैसे दिले; पण डोंगराळ भागातील सुपीक जमिनी गोऱ्यांसाठी राखून ज्यांना हुसकावले, त्यांच्या जमिनीबद्दल त्या तडजोडीत काहीही नव्हते.

सिंधुसागर

माझा आक्षेप वाटसरू यांच्यापेक्षा वेगळा आहे. देणे आहे हे मी मानतो, पण ते घेणार कोण? नामिबियात २०१९ मध्ये मासेमारीच्या कोट्यांतील लाचखोरी उघड झाली आणि दोन मंत्र्यांना राजीनामे देऊन तुरुंगात जावे लागले. भरपाई सरकारकडे गेली तर ती पीडितांच्या वंशजांपर्यंत पोहोचेल, याची खात्री कोण देणार?

लिबियाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ३० ऑगस्ट २००८ रोजी इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी आणि गद्दाफी यांच्यात बेनगाझी येथे करार झाला. इटलीने वसाहतकाळातील जखमांबद्दल २० वर्षांत ५०० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ऐकायला ही आफ्रिकेतील सर्वांत मोठी भरपाई वाटते. प्रत्यक्षात हे पैसे इटालियन कंपन्यांनी बांधायच्या रस्त्यांवर आणि प्रकल्पांवर खर्च व्हायचे होते, आणि मोबदल्यात लिबियाने युरोपकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या नावा अडवायच्या होत्या. वसाहतकाळात इटलीच्या छावण्यांत हजारो लोक मेले, ते पूर्वेकडील सायरेनायका प्रांतातले. त्यांच्या कुटुंबांना या करारात बोलण्याची संधी होती का? २०११ मध्ये करार स्थगित झाला. दोन राज्यकर्ते एकमेकांच्या सोयीचा व्यवहार करतात आणि त्याला भरपाईचे नाव देतात, ही भीती मला जर्मनी-नामिबियाच्या बाबतीतही वाटते.

उत्तररात्र

सिंधुसागर, आपला आक्षेप मला माझ्या मुद्द्याचाच पुढचा भाग वाटतो. भ्रष्टाचार हे देणे नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. ऋणको कधी म्हणत नाही की, धनको उधळ्या आहे म्हणून मी पैसे देणार नाही. पण पैसे नेमके कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न खरा आहे, आणि नामिबियात तो अधिक अवघड आहे. तेथील लोकसंख्येत उत्तरेकडील ओवाम्बो समाज सर्वांत मोठा आहे, स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेल्या स्वापो पक्षाचा आधारही तोच, आणि जर्मनांनी उत्तरेकडील जमिनी बळकावल्या नव्हत्या. ज्यांचे सर्वस्व गेले ते मध्य आणि दक्षिण भागातील हेरेरो व नामा आज आपल्याच देशात अल्पसंख्य आहेत. २००६ मध्ये नामिबियाच्या संसदेने ठराव करून वंशजांना वाटाघाटीत स्थान असावे असे म्हटले होते. प्रत्यक्षात चर्चा दोन सरकारांच्या विशेष दूतांमध्ये झाली. काही प्रमुखांचा गट सरकारच्या बाजूने या प्रक्रियेत होता, हे नोंदवले पाहिजे. पण हेरेरोंची सर्वोच्च परंपरागत संस्था आणि नामा प्रमुखांची संघटना यांनी हा मसुदा नाकारला आणि २०२३ मध्ये त्याविरुद्ध विंडहुकच्या उच्च न्यायालयात धाव घेतली.

याची तुलना जर्मनीच्याच जुन्या वर्तनाशी करावी. १९५२ मध्ये लक्झेंबर्ग येथे जर्मनीने इस्रायलला ३०० कोटी मार्क देण्याचा करार केला, तेव्हा ज्यू संघटनांच्या प्रतिनिधींना स्वतंत्र स्थान होते आणि त्यांच्यासाठी ४५ कोटी मार्कांचा वेगळा भाग होता. म्हणजे राज्याशी करार करतानाच पीडितांशीही थेट करार करता येतो, हे जर्मनीला उत्तम ठाऊक आहे. नामिबियाच्या बाबतीत तो मार्ग घेतला गेला नाही. एक कारण उघड आहे: १९०५ ते १९०७ या काळात आजच्या टांझानियातील 'माजी माजी' नावाचा उठाव चिरडताना जर्मन फौजांनी पिके आणि गावे जाळली, त्यातून आलेल्या दुष्काळासह मृतांचा आकडा ३ लाखांपर्यंत गेला असे मानले जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी सोंगेआ येथे जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. पैशाबद्दल काही कबूल केले नाही. नामिबियात 'भरपाई' हा शब्द वापरला की सोंगेआ येथेही तो वापरावा लागेल.

वाटसरू यांनी विचारलेल्या 'थांबायचे कोठे' या प्रश्नाला जोडून एक गोष्ट सांगतो. भरपाईची कल्पना युरोपला नवी नाही. प्रश्न ती कोणाला मिळते हा आहे. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे अखेरचे रोखे २०१५ मध्ये फेडले गेले. मालकांत मॉरिशसचे मळेवालेही होते. मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही, आणि मळ्यांवरची त्यांची जागा भरायला जे गिरमिटिये नेले गेले, त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची आपली माणसे होती. मॉरिशसमध्ये आज जे मराठी लोक आहेत, ते त्यांचेच वंशज.

पाणपोई

मी तीन वर्षे विंडहुक येथे राहत होते आणि सुट्टीत दोनदा स्वाकोपमुंडला गेले. तेथे जे पाहिले ते लिहिते. वादात भर घालण्याचा हेतू नाही.

स्वाकोपमुंड हे समुद्रकाठचे देखणे गाव आहे. जर्मन पद्धतीची घरे, बेकऱ्या, दीपगृह आणि गावाच्या मध्यभागी १९०८ मध्ये उभारलेले जर्मन नौसैनिकांचे स्मारक. गावाच्या कडेला नगरपालिकेची दफनभूमी आहे. तिच्या एका बाजूला कोरीव शिळा, फुले आणि हिरवळ आहे. तेथून पुढे वाळवंट सुरू होते आणि त्या वाळूत छोटे छोटे उंचवटे दिसतात, दूरवर, ओळीने नसलेले. पहिल्या वेळी आम्ही त्यांच्याजवळून गेलो आणि ते काय आहे हे मला कळलेही नाही. त्या छावणीत मेलेल्या लोकांच्या निनावी कबरी आहेत, हे मला माझ्या कचेरीतील हेरेरो सहकारिणीने नंतर सांगितले. तिने सांगताना आवाज चढवला नाही. मी पुन्हा गेले ती केवळ तेथे थोडा वेळ उभी राहण्यासाठी.

विंडहुकमध्ये टेकडीवर जर्मन घोडेस्वाराचा पुतळा १९१२ पासून उभा होता. तो २०१३ च्या डिसेंबरमध्ये हलवला गेला आणि जवळच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात ठेवला गेला. आता त्या परिसरात संहाराचे स्मारक आहे. ल्युडेरिट्झच्या शार्क बेटावर मात्र बराच काळ पर्यटकांसाठी तंबू ठोकण्याची जागा होती.

सहकारिणीशी पैशाबद्दल बोलणे झाले तेव्हा ती म्हणाली की, तिच्या आजीच्या लोकांची जमीन कोणत्या शेतवाडीत आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे, तेथे पूर्वजांच्या कबरी आहेत, आणि तेथे जायचे तर फाटकाशी थांबून मालकाची परवानगी घ्यावी लागते. रस्ते आणि प्रशिक्षणकेंद्रे आल्याने तिला आनंदच होईल. पण ते फाटक तसेच राहणार आहे. नामिबिया सरकारचे धोरण 'विकणारा राजी, घेणारा राजी' असे राहिले आहे, म्हणजे बाजारभावाने जमीन विकत घेऊन वाटायची. अशा रीतीने मिळालेली जमीनही देशभरातील भूमिहीनांना वाटली जाते; ज्यांची ती होती त्यांना प्राधान्य मिळेलच असे नाही. त्या धोरणाला राष्ट्रीय दृष्टीने कारणे आहेत हे मला समजते. पण माझ्या मैत्रिणीच्या घराला त्यातून काही मिळालेले नाही.

वाटसरू

पाणपोई, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो. माझे मत पूर्ण बदलले असे म्हणणे खोटे होईल. शंभर वर्षांपूर्वीच्या अपराधासाठी रकमेचा हिशेब मांडता येतो, हे मला अजून पटत नाही, आणि कोणताही आकडा त्या मृतांचा अपमान वाटेल अशी शंका आहे. पण रोख्यांचा शेवटचा हप्ता आणि त्या फाटकाची गोष्ट यांनी माझा 'जुने झाले' हा युक्तिवाद दुबळा केला आहे, हे मान्य करतो. जी जमीन जप्त केल्याचा हुकूम उपलब्ध आहे आणि जी आजही कोणाच्या तरी मालकीची आहे, ती गोष्ट जुनी म्हणता येत नाही. एक प्रश्न उरतो. जे जीव वाचवून नामिबियाच्या बाहेर गेले, त्यांच्या वंशजांचे काय? या ११० कोटींत ते येतात का?

उत्तररात्र

ते येत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने या मसुद्यातील ही सर्वांत मोठी उणीव आहे. विकासाची रक्कम नामिबियातील सात प्रदेशांत खर्च व्हायची आहे. ओमाहेके ओलांडून जे जगले ते तेव्हाच्या बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्सवानात पोहोचले. त्यांचे वंशज तेथे आहेत, काही दक्षिण आफ्रिकेत आहेत. वाळवंट पार करताना ज्यांच्या घरची माणसे सर्वाधिक मेली, त्यांच्याच वंशजांना या मसुद्यात स्थान नाही, कारण करार दोन राज्यांमध्ये आहे आणि ते तिसऱ्या राज्याचे नागरिक आहेत.

रकमेबद्दल आपली शंका मी समजू शकतो. मी स्वतः कोणताही आकडा सुचवत नाही, कारण तो सुचवण्याचा अधिकार माझा नाही. मात्र क्रम काय असावा हे सांगू शकतो. आधी 'आजच्या दृष्टिकोनातून' हे शब्द काढावेत. मग हेरेरो आणि नामा यांच्या स्वतःच्या प्रतिनिधींशी, बोत्सवानातील वंशजांसह, समोरासमोर बसावे. त्यानंतर, आज ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना बाजारभाव देऊन ती परत घेण्याचा खर्च जर्मनीने उचलावा; जप्तीचे फर्मान बर्लिनचे होते, नामिबियाच्या तिजोरीने त्याची किंमत का मोजावी? विकासमदत चालूच ठेवायची असेल तर ती वेगळ्या खात्यात ठेवावी.

२८ मे २०२५ रोजी नामिबियाने प्रथमच राष्ट्रीय पातळीवर संहाराचा स्मरणदिन पाळला. १९०७ मध्ये छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला तो हा दिवस. राष्ट्राध्यक्ष नेटुम्बो नांदी-न्दाइत्वा त्या वेळी बोलल्या, मेणबत्त्या लावल्या गेल्या, आणि २०२१ च्या मसुद्यावर तोपर्यंत कोणाचीही अंतिम स्वाक्षरी झालेली नव्हती.

सॅम्युएल महारेरो १९२३ मध्ये बेचुआनालँडमध्येच वारले. त्यांचे शव रेल्वेने ओकाहांजाला आणून पूर्वजांच्या शेजारी पुरले गेले, आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये हेरेरो लोक तेथे जमतात. बोत्सवानातील नातेवाईकही सीमा ओलांडून त्या दिवशी येतात.